राखणीच्या कुत्र्याची खाज



शेतकऱ्याच्या घरीं बैल आजारी पडला म्हणजे घरांत कोणाला घास गोड लागत नाहीं. गाय दूध देईनाशी झाली, तर शेजारीपाजारी चौकशीला येतात. पण दारांतला कुत्रा रात्रभर अंग खाजवीत पडला, तर "कुत्र्याला खाज असायचीच" एवढें पुटपुटून माणूस कूस बदलतो. या एका वाक्यापायीं पुष्कळ कुत्रीं मेलीं आहेत आणि पुष्कळ शेतें डुकरांनीं खाल्लीं आहेत, असें मला आज सांगावयाचें आहे.

नागपुराच्या दक्षिणेस बेसा म्हणून गांव आहे. त्याला गांव म्हणावें कीं शहर म्हणावें, याचा निर्णय आतां कठीण झाला आहे. मानेवाड्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. ज्या जमिनींत पूर्वीं पऱ्हाटी आणि तूर डोलत असे, तेथें आज भूखंडांच्या खुणेचे दगड रोंवलेले दिसतात. तरी पण वस्ती सोडून जरा बाहेर सरकलें, कीं अजून शेत दिसतें, कोठा दिसतो, ढोरें दिसतात; आणि जेथें कोठा आहे तेथें दाराशीं एक कुत्रा हा असतोच. हा कुत्रा हौसेचा नव्हे. दिवसा ढोरांमागें हिंडावें, रात्रीं धन्याबरोबर जागलीला जावें, रानडुक्कर किंवा रोही धुऱ्यापाशीं आला कीं भुंकून सारें शिवार जागें करावें, ही त्याची चाकरी. या चाकरीबद्दल त्याला शिळी भाकर मिळते, आणि तीही घरांतल्या माणसांची जेवणें आटोपल्यावर.

दत्तात्रेयाच्या चित्रांत चार वेद चार कुत्र्यांच्या रूपानें पायांशीं उभे असतात. त्या चित्राला आपण हार घालतों. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतों. वर्षभर जूं वाहून ते खांदे सोललेले असतात, ही जाण त्या रीतींत आहे. कुत्र्याला मात्र पोळा नाहीं. त्याची कातडी सोलली गेली आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा दिवस पंचांगांत कोठेंच नाहीं. असो.

खाजविणारा कुत्रा हा नुसता दुःखी कुत्रा नसतो. तो निकामी कुत्रा असतो. रात्रभर मागच्या पायानें कान ओरबाडणाऱ्या कुत्र्याचें लक्ष धुऱ्याकडे राहत नाहीं. त्याला झोंप नाहीं, म्हणून दिवसा तो ढोरांमागें जात नाहीं, सावलींत पडून राहतो. अन्नावरची वासना कमी होते, तो वाळतो. मग धनी म्हणतो, "हा आळशी झाला." दुसरें पिल्लू आणतो, त्याच पोत्यावर निजवितो, आणि दोन महिन्यांत तेंही पिल्लू खाजवूं लागतें.

या शेवटच्या वाक्यांत माझ्या भाषणाचें सारें मर्म आहे. पोतें तेंच होतें.

नेहमीं घडतें तें असें. श्रावणांत कुत्रा खाजवूं लागतो; शेपटीच्या बुडाशीं केस विरळ होतात. धनी दुकानांतून एखादी भुकटी आणून अंगावर चोळतो. आठ दिवस बरे जातात. भाद्रपदांत पुनः तोच प्रकार. दुसरी भुकटी येते, मग तेल, मग कोणी सांगितलेली सुई. दिवाळीपर्यंत चार औषधें होतात, आणि कुत्र्याची कातडी हत्तीच्या कातडीसारखी काळी व जाड झालेली असते. तेव्हां धनी म्हणतो कीं, औषधांत आतां राम राहिला नाहीं. औषध खोटें असतें असें क्वचित् घडतें. नाहीं असें नाहीं. पण बहुतेक वेळां घडतें तें निराळेंच. आपण कुत्र्यावर औषध करतों आणि त्याच्या निजण्याच्या जागेवर करीत नाहीं. खाज थांबली म्हणजे रोग गेला असें समजतों. आणि मुळांत ती खाज कशाची होती हें पाहिलेलेंच नसतें.

प्रथम पिसू घ्या. कुत्र्याच्या अंगावर आपल्याला ज्या पिसवा दिसतात, त्या एकंदर पिसवांच्या विसाव्या हिश्श्याएवढ्याही नसतात. बाकीच्या कोठें असतात? जमिनींत. पिसू कुत्र्याच्या अंगावर अंडीं घालते, दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत घालते. पण हीं अंडीं केसांना चिकटून राहत नाहींत. कुत्रा अंग झाडतो तसतशीं तीं मिठाच्या कणांसारखीं खालीं सांडतात, आणि जेथें तो अधिक वेळ निजतो तेथें अर्थातच अधिक सांडतात. त्यांतून अळ्या निघतात, त्या धुळींत आणि कुटारांत वाढतात, मग स्वतःभोवतीं कोश विणून त्यांत स्वस्थ बसतात. हा कोश मोठा चमत्कारिक आहे. आंतली पिसू तयार असूनही कित्येक आठवडे, प्रसंगीं कांहीं महिनेही बाहेर येत नाहीं. पावलांचा हादरा बसला, अंगाची ऊब लागली, श्वासाची चाहूल लागली, कीं मगच ती उडी घेते. पुष्कळ दिवस बंद असलेल्या कोठ्यांत पाऊल टाकतांच पायांवर पिसवा चढतात, त्याचें कारण हें. कोशांतील पिसवेवर बहुतेक औषधें चालत नाहींत. म्हणून आज कुत्रा स्वच्छ केला तरी पंधरा दिवसांनीं त्याच्या अंगावर नव्या पिसवा दिसणारच. त्या दिसल्या म्हणून औषध फसलें असें नव्हे. त्या जुन्या अंड्यांच्याच आहेत, आणि म्हणूनच औषध मध्येंच सोडावयाचें नसतें.

पिसवेच्या अळीला कोरडी हवा सोसत नाहीं. आपल्या नागपूरकडच्या वैशाखांत उघड्या अंगणांत ती जगत नाहीं. पण मृग लागला, हवा ओलावली, कीं कोठ्याच्या कोपऱ्यांतून तिची पैदास सुरू होते. श्रावणांतल्या खाजेचा उगम येथें आहे. कांहीं कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचें इतकें वावडें असतें, कीं दोन-चार दंशांनींही तीं आठवडाभर कंबर चावीत बसतात. अशा कुत्र्याच्या अंगावर शोधूनही पिसू सांपडत नाहीं, कारण त्यानें ती खाऊन टाकलेली असते. तेथें खूण एवढीच, कीं केस जातात ते कमरेवरचे, शेपटीच्या बुडाचे आणि मांड्यांच्या मागचे. ओल्या पांढऱ्या फडक्यावर कुत्र्याचे केस झाडावे. काळे कण पडून त्यांभोवतीं तांबूस डाग उमटला, तर तें पिसवेनें पिऊन टाकलेलें रक्त समजावें.

गोचीड ही जात याच्या उलट, उन्हाला न भिणारी. कुत्र्याचा तपकिरी गोचीड आयुष्यांत तीन वेळां रक्त पितो, आणि प्रत्येक वेळीं पोट भरलें कीं कुत्र्याला सोडून खालीं उतरतो. उतरून तो जमिनीवर राहतो असें मात्र नाहीं, तो चढतो. भिंतीच्या फटी, लांकडी खांबाच्या भेगा, छपराच्या वळचणी, हीं त्याचीं घरें. रक्तानें टम्म फुगलेली मादी अशा फटींत शिरून चार हजारांपर्यंत अंडीं घालते. उपाशी गोचीड कित्येक महिने वाट पाहूं शकतो. तेव्हां कुत्र्याच्या कानांतले वीस गोचीड वेंचून आपण हात झटकले, तरी भिंतींतले कित्येक शेंकडे आपलें काम करीतच राहतात.

येथें खाजेपलीकडची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. गोचीड नुसता चावत नाहीं, तो ताप देतो. त्याच्या चावण्यानें कुत्र्याच्या रक्तांत जे सूक्ष्म जंतु शिरतात, त्यांनीं हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकांतून रक्त येतें, कधीं लघवी काळसर तांबडी होते, आणि धडधाकट दिसणारा कुत्रा थोड्याच दिवसांत जमिनीला खिळतो. अशा कुत्र्याला घरगुती उपायांवर एक दिवसही ठेवूं नये. गोचीड बोटांनीं चिरडूंही नयेत; चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यांत टाकावे. बेसा-पिपळ्याकडे ज्यांच्या अंगणांत अजून कोंबड्या आहेत, त्यांना गोचिडांवर एक फुकटचा पहारेकरी मिळालेला आहे, हें जातां जातां सांगून ठेवतों.

आतां खरी खरूज. हिचा किडा डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल एवढा. इटलींतील बोनोमो नांवाच्या वैद्यानें १६८७ साली सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आणि गंमत अशी, कीं त्याला वाट दाखविली ती मुलांच्या हातांवरील फोडांतून सुईच्या टोकानें हे किडे काढणाऱ्या गरीब बायांनीं. तोंपर्यंत खरूज ही रक्ताच्या बिघाडानें होते असें मोठे मोठे पंडित म्हणत होते. आपल्याकडे अजूनही "रक्त बिघडलें" असेंच म्हणतात, आणि कुत्र्याला कडुनिंबाचा पाला खाऊं घालतात. कडुनिंबाशीं माझें भांडण नाहीं. पण कातडीच्या आंत बोगदे करून राहणाऱ्या किड्याला पोटांतल्या पाल्याची बातमी पोंचत नाहीं.

या खरुजेची खूण म्हणजे कानांच्या कडा, कोपरे आणि पोट. कानाची कड बोटांत धरून चोळली कीं कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजविल्यासारखा हलूं लागतो. वैद्यकांत ही खूण महत्त्वाची मानतात. हा रोग एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर फार लवकर जातो. माणसालाही त्याचा उपद्रव होतो. कुत्र्याला उचलून घेणाऱ्या मुलाच्या हातांवर आणि पोटावर बारीक पुरळ उठतें. कुत्र्याचा किडा माणसाच्या कातडींत फार काळ टिकत नाहीं, कुत्रा बरा झाला कीं मूलही बहुधा आपोआप बरें होतें. पण मुलाला मलम लावीत बसावें आणि कुत्र्याला तसेंच ठेवावें, तर तें मलम जन्मभर पुरणार नाहीं.

याच्याच जवळचा, पण स्वभावानें अगदीं निराळा, असा दुसरा एक किडा केसांच्या मुळांत राहतो. तो जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर असतो. आईच्या कुशींत दूध पितांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच पिल्लांना तो मिळतो, आणि एरवीं कांहीं त्रास देत नाहीं. कुत्र्याची प्रकृति खालावली, पोटांत जंत झाले, अन्न निकस मिळालें, म्हणजे तो माजतो; डोळ्यांभोवतीं आणि पायांवर चट्टे पडून केस जातात. विशेष हें कीं, या रोगांत आरंभीं खाज फारशी नसते. पिल्लाच्या तोंडावर एखाद-दुसरा चट्टा असेल, तर तो पुष्कळदां औषधावांचूनच भरून येतो. साऱ्या अंगावर पसरला, तर मात्र उपचार महिनोगणती चालतो.

या दोन किड्यांत भेद करणें कां अवश्य आहे? कारण आपल्याकडे "खाजेची सुई" या नांवाखालीं जें दिलें जातें, तें पुष्कळदां स्टेरॉइड असतें. तें टोंचलें कीं दुसऱ्याच दिवशीं खाज थांबते. धनी खूष, कुत्रा शांत झोंपतो. पण किडा मेलेला नसतो. मेलेली असते ती कुत्र्याची तक्रार. शरीराची झुंजण्याची शक्ति या औषधानें मंदावते, आणि केसांच्या मुळांतला तो दुसरा किडा तर अशा वेळीं रान मोकळें सांपडल्यासारखा पसरतो. महिन्याभरानें रोग दुप्पट होऊन परत येतो, पुनः सुई, पुनः आराम, पुनः रोग. स्टेरॉइड हें वाईट औषध नव्हे. योग्य जागीं तें प्राण वांचवितें. पण कातडी खरवडून, तो खरवडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून तें टोंचणें, म्हणजे घराला आग लागली असतां ओरडणाऱ्या माणसाचें तोंड दाबण्यासारखें आहे.

घरगुती उपायांकडे वळतों, कारण जीव जातात ते येथें. जळकें ऑइल! गाडीच्या इंजिनांतून काढलेलें काळें तेल खरुजेवर रामबाण आहे, अशी समजूत गांवोगांव पसरली आहे. त्यांत धातूंचे अंश असतात, जळक्या तेलांतले विषारी पदार्थ असतात. आणि कुत्रा हा प्राणी अंगाला लावलेलें सर्व कांहीं चाटून पोटांत घेतो, ही साधी गोष्ट लावणाऱ्याच्या ध्यानांत नसते. फिनाईल ओततात, त्यानें कातडी भाजून निघते. पण या सर्वांहून भयंकर उपाय म्हणजे कपाशीवर फवारण्याचें औषध पाण्यांत कालवून कुत्र्याला अंघोळ घालणें. शेतकऱ्याच्या घरीं तें औषध असतेंच. तें किडे मारतें हेंही त्यानें पाहिलेलें असतें. २०१७ सालच्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आपण विसरलों नसूं. जें विष अंगावर उडाल्यानें धट्टाकट्टा माणूस जातो, त्यांत पंधरा किलो वजनाचा कुत्रा बुडवून काढावा, हें धाडस कोणत्या हिशेबानें करावयाचें? अशा कुत्र्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागते, बुबुळें बारीक होतात, अंग थरथरतें, झटके येतात. तसें झाल्यास भरपूर पाण्यानें व साबणानें ताबडतोब धुवावें, धुणाऱ्यानें हातमोजे घालावे, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट पशुवैद्याकडे जावें. ॲट्रोपीन नांवाचा उतारा वेळेवर मिळाला तर कुत्रा वांचूं शकतो.

जुन्या उपायांत एक मात्र खरा निघाला आहे, आणि तो म्हणजे गंधक. खरुजेवर गंधक लावण्याची रीति फार प्राचीन. किडा मारण्याचा गुण त्यांत खरोखरच आहे, आणि चुन्याबरोबर उकळून केलेलें गंधकाचें पाणी आजही पशुवैद्य वापरतात. वास फार वाईट, रंग पिवळा, आणि सहा-सहा आठवडे दर आठवड्याला लावण्याचा कंटाळा. म्हणून तें मागें पडलें. करंजाचें किंवा खोबऱ्याचें तेल कातडी मऊ ठेवतें, एवढें श्रेय त्याला अवश्य द्यावें.

नव्या औषधांत आयव्हर्मेक्टिनचें नांव आतां खेड्यांतही सर्वांना माहीत आहे. जपानच्या मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून निघालेल्या या औषधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. औषध उत्तम, पण ढोरांसाठीं मिळणारी सुईची बाटली ही ढोरांच्याच वजनासाठीं केलेली असते. तिचा एक मिलिलिटर सुमारें पन्नास किलो वजनाच्या जनावराचा हिशेब धरून असतो. आपला गावठी कुत्रा पंधरा-वीस किलोंचा. डोळ्यांच्या अंदाजानें सुई भरणाऱ्याचा हात येथें सहज तिप्पट-चौपट जातो. शिवाय कॉली आणि तिच्या नात्यांतील मेंढपाळी कुत्र्यांत एक जन्मजात दोष पुष्कळदां आढळतो, त्यामुळें हें औषध त्यांच्या मेंदूंत शिरतें. कुत्रा आंधळ्यासारखा भिंतींवर आपटतो, बेशुद्ध पडतो. शहरालगतच्या बगीच्यांतून आतां नाना संकरांचीं कुत्रीं राखणीला ठेवतात. तेव्हां आपल्या कुत्र्याच्या आजीचें कूळ माहीत नसेल, तर ही सुई स्वतः टोंचूं नये.

गेल्या दहा-बारा वर्षांत फ्लूरालानर, सारोलानर इत्यादि नांवांच्या गोळ्या निघाल्या आहेत. गोळी अन्नांतून दिली, कीं कुत्र्याचें रक्त पिणारा पिसू व गोचीड मरतो. खरुजेच्या दोन्ही किड्यांवरही त्यांचा चांगला गुण दिसून आला आहे. एका गोळीचा अंमल कांहींचा महिनाभर, कांहींचा बारा आठवडे राहतो. चिखलांत लोळणाऱ्या, तळ्यांत डुंबणाऱ्या राखणीच्या कुत्र्याला हें फार सोईचें, कारण धुवून जाण्याचा प्रश्नच नाहीं. ज्या कुत्र्याला झटके येतात त्याला मात्र या गोळ्या विचार करून द्याव्या लागतात. अमेरिकेच्या औषध खात्यानें २०१८ सालीं तशी सूचना काढली. त्या महाग आहेत, हें मी जाणतों. पण चार भुकट्या, दोन तेलें, तीन सुया आणि डुकरांनीं एका रात्रींत लोळविलेलें भुईमुगाचें शेत, यांची बेरीज एकदां कागदावर मांडून पाहावी.

प्रत्येक खाज किड्याचीच असते असें मात्र समजूं नये. कार्तिकांत कुसळी गवत वाळलें, कीं त्याचीं कुसळें पायांच्या बोटांत शिरतात आणि आंत आंत सरकतात. कुत्रा एकच पाय सारखा चाटूं लागला, तर बोटें फांकवून पाहावीं. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यांत बोटांच्या बेचकींत दिवसेंदिवस ओला राहतो, आणि माणसाला चिखल्या होतात तशीच तेथील कातडी कुजते. शेतांतून आल्यावर पाय धुवून कोरडे पुसणें हा याला उपाय, औषधापूर्वीं फडकें. गळ्यांतला नायलॉनचा पट्टा सोडून खालीं पाहण्याची संवय ठेवावी. पुष्कळ जखमा आणि अळ्या तेथें लपलेल्या असतात. दाट केसांचीं परदेशी कुत्रीं नागपुरी उन्हाळ्यांत आणि दमट भाद्रपदांत अंगावर ओले, चिघळलेले चट्टे काढून बसतात; त्यांना राखणीला ठेवणाऱ्यांनीं केंस विंचरण्याचें कामही पत्करावें. कपड्यांच्या साबणानें कुत्र्याला धुवूं नये. आणि नुसत्या भाकरीवर व भाताच्या पाण्यावर कातडी तेजदार राहत नाहीं. आठवड्यांतून दोन-तीन उकडलेलीं अंडीं आणि वेळच्या वेळीं जंताचें औषध, एवढ्यानेंही फरक दिसतो.

आतां जागेविषयीं. कुत्र्याला औषध दिलें त्याच दिवशीं त्याचें पोतें जाळावें, किंवा उकळत्या पाण्यांत घालून कडक उन्हांत वाळवावें. खालचें कुटार काढून कोठ्यापासून दूर न्यावें. कोठ्याचे कोपरे झाडावे, केर उकिरड्यावर न टाकतां जाळून टाकावा. भिंतींच्या फटी शेणमातीनें किंवा सिमेंटानें बुजवाव्या आणि वर चुना द्यावा. गोचिडाचें घर मोडण्याचा याहून स्वस्त उपाय नाहीं. कोठ्यांत फवारावयाचें औषध पशुवैद्याला विचारून, त्यानें सांगितलेल्या प्रमाणांतच घ्यावें. जागा सुकेपर्यंत ढोरें, कोंबड्या व कुत्रा बाहेर ठेवावीं. घरांत मांजर असेल, तर कुत्र्यासाठीं आणलेलें पर्मेथ्रिनचें औषध तिच्या अंगाला लागूं देऊं नये. कुत्र्याला जें सोसतें त्यानें मांजर मरतें.

एकट्या आपल्या कोठ्यानें भागत नाहीं, ही बेशासारख्या गांवाची विशेष अडचण आहे. पूर्वीं शेतांतल्या कुत्र्याचा सोबती म्हणजे शेजारच्या शेतांतला कुत्रा. आतां एका बाजूला इमारतींच्या फाटकांवर बसणारीं कुत्रीं, दुसऱ्या बाजूला बांधकामावरच्या मजुरांच्या मागें आलेलीं कुत्रीं, आणि मधून मेंढ्यांचे कळप घेऊन जाणाऱ्यांचीं कुत्रीं, या सर्वांशीं त्याची रोज गांठ पडते. म्हणून धुऱ्याला धुरा लागून असलेल्या पांच-सहा शेतकऱ्यांनीं एकाच आठवड्यांत आपापल्या कुत्र्यांवर उपचार केला, तर तो टिकतो. एकेकट्यानें केला तर पाहुण्यांबरोबर रोग परत येतो. एका घरांत तीन कुत्रीं असतील आणि एकच खाजवीत असेल, तरी औषध तिघांनाही द्यावें.

औषध दिलें त्या दिवशींच पुढच्या मात्रेची तारीख कोठ्याच्या दारावर खडूनें लिहून ठेवावी. खरुजेचा किडा अंड्यापासून वाढून दोन-तीन आठवड्यांत तयार होतो, आणि अंड्यांवर पुष्कळ औषधें चालत नाहींत; म्हणून पहिल्या मात्रेनें खाज थांबली तरी दुसरी व तिसरी सोडतां येत नाहीं. कातडीवर पू धरला असेल, तर त्याच्या गोळ्या तीन-तीन आठवडे चालतात, आणि जखम भरून आल्यावरही कांहीं दिवस द्याव्या लागतात.

नागपूरकरांना तपासणीसाठीं दूर जावें लागत नाहीं. सेमिनरी हिल्सच्या बाजूस १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. २००० सालापासून तें महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठांत समाविष्ट आहे, आणि तेथें रुग्णालयही आहे. कातडीचा खरवडा पाहण्याचें काम थोड्या वेळाचें असतें. नेतांना कुत्र्याच्या तोंडाला सैल फडकें बांधावें, कारण दुखऱ्या कातडीला हात लागला कीं शहाणा कुत्राही चावतो. आदल्या दिवशीं अंगावर कांहीं चोपडूं नये. आणि पूर्वीं जळकें ऑइल लावलें असेल, सुई टोंचली असेल, फवारणीचें औषध ओतलें असेल, तर तें लाजून लपवूं नये. काय लावलें, केव्हां लावलें, किती लावलें, हें सर्व डॉक्टरला सांगावें, आणि बाटली किंवा वेष्टण जवळ असेल तर तें त्याच्या हातांत द्यावें.